पन्नासची लेन्स

लेन्सला बुरशी लागते हे लोकांना सांगून पटत नाही. भाकरीला लागते, लोणच्याला लागते, पावसाळ्यात चपलेला लागते; पण काचेला? तर लागते. कॅमेऱ्याची बॅग पावसाळाभर कपाटात कोंडून ठेवली, एकदाही उघडून उन्हात धरली नाही, की आतल्या काचेवर पांढरे बारीक धागे धरतात. आमच्या भागात नवा कॅमेरा घेतलेला जो तो पहिल्या पावसाळ्यात ही चूक करतो आणि मग तोंड पाडून माझ्या स्टुडिओत येतो. मी त्याला भरपूर सुनावतो. यंदा ती चूक मीच केली, आणि मला सुनावायला कोणी नव्हतं.

बायको पावसाच्या तोंडावर गेली. ताप आला, दवाखान्यात नेली, आणि तिथनं घरी आणली ती चादरीत गुंडाळूनच आणली. यापलीकडं त्या आठवड्याचं मला फारसं काही सांगता येत नाही. त्यानंतर मी कॅमेऱ्याची बॅग कपाटात ठेवून दिली. लोकांना वाटलं, दुःखानं ठेवली. मला तर दुःख झालंय असंही वाटत नव्हतं. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात, तेव्हा गाल आपला असून आपला नसतो, तसा मी सगळाच झालो होतो. जेवत होतो, स्टुडिओ उघडत होतो, लोकांच्या कागदांच्या झेरॉक्स काढून देत होतो. कुणी काही विचारलं की 'व्हय' म्हणत होतो. चहा घेणार? व्हय. बरं हाय न्हवं? व्हय. भावकीतल्या एकानं बांधावरचा आंबा तोडू का म्हणून विचारलं, त्यालाही व्हय म्हणालो. चांगलं फळतं झाड होतं. मुलगी सांगलीहून फोनवर ओरडली तेव्हा मला कळलं की झाड गेलं.

रडलो मात्र नाही. त्याची गावात चर्चा झाली. 'खंबीर माणूस हाय' असं एक पार्टी म्हणत होती आणि 'दगड हाय' असं दुसरी. मला दोन्ही मान्य होतं.

आमचं गाव औंधच्या बाजूचं. स्टुडिओ फाट्यावर, आणि स्टुडिओच्या मागच्या खिडकीतून यमाईचा डोंगर दिसतो. लग्नाच्या ऑर्डरी आम्ही दोघं मिळून करायचो. माझ्या हातात मोठी झूम, सत्तर-दोनशे मिलिमीटरची. लांब उभं राहून जवळचं काढायचं, हे त्या लेन्सचं काम. ती सवय मला बैलगाड्यांच्या शर्यतींनी लावली. मैदानं भरतात तेव्हा मी निकालाच्या रेषेपाशी असतो, आणि सुटलेल्या बैलांच्या समोर जाऊन उभं राहायची हौस मला नाही. मग लग्नातही मी तसाच. मांडवाच्या कडेला, जनरेटरच्या बाजूला, कुठंतरी खांबाला टेकून. नवरीच्या बापाचे डोळे भरले की तिथूनच टिपायचे. त्याला पत्ताही लागत नाही.

बायको आधी नुसती बॅग धरायला यायची. हळदीला आणि चुडा भरताना आमच्याकडं बायका मोकळ्या असतात; पण कॅमेरा घेतलेला पुरुष उंबऱ्यात दिसला की सगळ्या जणी पदर सारखा करून परेडला उभ्या राहिल्यासारख्या ताठ होतात. अशाच एका हळदीत मी तिच्या हातात आमचा जुना कॅमेरा दिला. त्याला पन्नास मिलिमीटरची छोटी लेन्स होती. म्हटलं, जा, आत जाऊन चार फोटो काढ. ती जी आत गेली, ती परत बॅग धरायला आलीच नाही.

पन्नासच्या लेन्सला झूम नसते. मोठं दिसायला हवं तर आपण पुढं व्हायचं, लहान हवं तर मागं सरायचं. पुढं कधीतरी मी तिला मोठी लेन्स देऊ केली, तर म्हणाली, "मला पाय हायत की." फोटो काढायच्या आधी ती माणसाला विचारायची, "येऊ का जरा जवळ?" प्रत्येकाला. नवरीला, नवरीच्या आजीला, बांगड्या भरणाऱ्या कासारालाही. मी टिंगल करायचो. "अगं, फोटो काढाय आलीस का मुलगी बघाय? इचारतीस काय?" ती म्हणायची, "आवं, न इचारता कुणाच्या इतकं जवळ जातंय व्हय?" माणसं म्हणायची, ये की. मग ती जायची. इतकी जवळ की कोपरापर्यंत हळद, कपाळाला हळद, लेन्सला हळद. लेन्सच्या रिंगेच्या खाचांत हळद बसून बसून ती रिंग शेवटी करकरायला लागली होती. मी साफ करून आणतो म्हणालो की म्हणायची, "फिरतीय न्हवं? मग झालं."

गावात कुणी गेलं की तेराव्याच्या आत घरातलं कोणीतरी माझ्याकडं येतं, हातात जत्रेतला नाहीतर लग्नातला घोळक्याचा फोटो घेऊन. त्यातून ते एक माणूस वेगळं काढायचं, त्याच्या खांद्यावरचा दुसऱ्याचा हात पुसायचा, मागं निळा रंग भरायचा आणि फ्रेम करून द्यायची. आसपासच्या गावांतल्या भिंतींवर माझं हेच काम जास्त लागलंय. तिच्यासाठीही मी कॉम्प्युटरवर बसलो. माझ्या फोटोंत ती भरपूर सापडली. लांबून, गर्दीत, कुणाच्या तरी समोर वाकलेली, आणि प्रत्येक ठिकाणी तोंडासमोर कॅमेरा. शेवटी मुलीच्या मोबाइलमधला एक फोटो घेतला. त्यात ती मेथी निवडता निवडता हसतीय. खांद्यावर कुणाचा हात नव्हता, त्यामुळं काम लवकर झालं.

खंडेनवमीला आमच्यात हत्यारं पुजतात. कुणाच्या घरी तलवार, कुणाच्या घरी नांगर, आमच्या घरी कॅमेरा. यंदा मी ते विसरलो नव्हतो, पण उठलोही नव्हतो. मुलगी सांगलीत दिलेली आहे, रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. ती सुट्टी काढून आली, मला न विचारता तिनं कपाटातून बॅग काढली आणि ओटीवर पाट मांडला. लेन्स उजेडाकडं धरून आरपार बघायची, हे तिला तिच्या आईनं लहानपणीच शिकवलेलं. झूम तिनं डोळ्यासमोर धरली आणि बराच वेळ खाली घेतली नाही.

"पप्पा, जाळं धरलंय आतनं."

"असू दे," मी म्हटलं.

"असू दे काय? आन् आईची कुठाय? पन्नासची?"

ती स्वयंपाकघरात सापडली. पावसाळ्यात बायको तिची लेन्स एका स्टीलच्या डब्यात ठेवायची, सोबत फडक्यात बांधलेली तांदळाची पुरचुंडी. दमट हवा तांदूळ ओढून घेतो म्हणून. मी यावरही हसायचो. यंदाही तिनं जाण्याआधी ती ठेवलेली होती, आणि तिची काच लख्ख होती. मुलीनं सगळ्यांना हळदकुंकू लावलं. मेलेल्या झूमलाही लावलं.

त्या झूमचं मला काही वाटलं नसतं, पण एक ऑर्डर होती. शेजारच्या गावातलं एक घर. थोरल्या मुलीचं लग्न आम्हीच काढलं होतं, आणि त्या अल्बमवर धाकटीचा जीव होता. माझ्या लग्नालाही काका-काकूच पाहिजेत, असं ती थोरलीच्या लग्नापासून म्हणत होती. पावसाळ्यात तिचे वडील स्टुडिओच्या पायरीवर येऊन चुळबुळत उभे राहिले होते. "पोरगी तुमचंच नाव घेती. तुमाला... जमंल न्हवं?" मी व्हय म्हणालो होतो. तसाच, आंब्याच्या झाडाला म्हणालो होतो तसा. आता तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडची लग्नं सुरू, आणि त्यातलं पहिलंच हे. त्या मुलीला जे फोटो हवे होते ते मी कधी काढलेच नव्हते. थोरलीच्या अल्बममधली जी पानं ती मैत्रिणींना दाखवत फिरायची, ती सगळी आतली होती, जवळची होती, बायकोनं काढलेली होती. आमच्या स्टुडिओचं नाव ज्यावर चाललं तेच. नाही म्हणून सांगायला हवं होतं, पण नाही म्हणायलाही थोडा दम लागतो, तेवढा माझ्यात नव्हता.

माझ्या मुलीनं फर्मान काढलं, झूम आणि आईची डब्यासकट बॅगेत घालून सांगलीला या, नवी लेन्स घेऊ. मी गेलो. विट्यात गाडी बदलली. तासगावच्या पुढं द्राक्षबागांत फवारणी चालू होती, उन्हात धुकं उठल्यासारखं दिसत होतं. एरवी मी कॅमेऱ्यासाठी सीटवरून अर्धा उठलो असतो. तेव्हा नुसता बघत होतो, दुसऱ्या कुणाच्या तरी गावाला चाललेल्या माणसासारखा. स्टँडवर मुलगी स्कूटी घेऊन उभी होती. मागं बसलो तर म्हणाली, "नीट धरा, पप्पा." मी तिच्या खांद्याला धरलं. तिचा खांदा तिच्या आईसारखाच हाडकुळा आहे, एवढं लक्षात आलं.

दुकान मार्केट यार्डाकडं जाणाऱ्या रस्त्यावर, जिन्यानं वर. त्या रस्त्यानं हळदीच्या पोत्यांचे टेम्पो सारखे जात-येत असतात. मुलगी स्कूटी लावायला जागा शोधत राहिली, मी वर गेलो. दुकानदार माझ्याच वयाचा, बोलका माणूस. झूम त्यानं दिव्यासमोर धरली आणि मान हलवली. "गेली ही. साफ केली तरी परत येती. आन् तुमचं काम कसलं? तुमची स्टाइल काय?"

स्टाइल हा शब्द आमच्याकडं केसांसाठी वापरतात. मी उत्तर म्हणून नमुन्याचा अल्बम पुढं केला. गिऱ्हाइकांना दाखवायला असतो तो. तो पानं उलटायला लागला. स्टेजवरचे, वरातीतले, मांडवातले फोटो भराभर उलटले. मग एका पानावर थांबला. नवरीचं मनगट, कासाराचा अंगठा, अर्धी चढलेली हिरवी बांगडी. पुढं एका आजीचं तोंड, ओठ दाबून धरलेले. पुढं हळदीनं डोळे मिटलेली पोरगी. प्रत्येक पानावर तो थोडा थोडा जास्त थांबत गेला. तेवढ्यात मुलगी जिना चढून आली आणि माझ्या बाजूला येऊन उभी राहिली.

"आवं, मग तुमाला लांबची लेन्स कशाला?" तो म्हणाला. "तुमी जवळ जाणारं माणूस हाय. लय जवळ. असं सगळ्यांस्नी जमत न्हाई."

मुलीनं माझ्याकडं बघितलं.

"व्हय," मी म्हटलं.

 ती दुकानाच्या भिंतीवर नमुन्याला लावलेल्या नवरा-नवरीच्या फोटोंकडं तोंड करून उभी राहिली. दुकानदारानं दोन-तीन लेन्स काढून दिल्या, म्हणाला, खाली रस्त्यावर जाऊन ट्राय करा, निवांत बघा. मी निघालो तोवर त्यानं माझ्या बॅगेतली पन्नासची उचलून रिंग फिरवली होती. "हिच्यात हळद गेलीय की. आमच्या सांगलीत म्हणा हळदीचा टेम्पो नुसता समोरनं गेला तरी लेन्समधी हळद शिरती." स्वतःच हसला. "साफ करून ठिवू का तवर?"

"करा," मी म्हटलं आणि जिना उतरलो. मुलगी आधीच खाली पोचली होती, तिनं हे ऐकलं नाही.

रस्त्यावर मी आधी नवी झूम लावली. समोरच्या कोपऱ्यावरचा हमाल, पाठीवर पोतं, कानापर्यंत पिवळा झालेला. टेम्पोच्या काचेतून जांभई देणारा ड्रायव्हर. लांब सिग्नलपाशी रिक्षातून बाहेर आलेला बाळाचा पाय. सगळं स्वच्छ, धारदार येत होतं. हाताला सवय होती, हात चालत होता. मग त्यानं दिलेली छोटी, जवळची लेन्स लावली. तिच्यात रस्ता नुसता रस्त्यासारखा दिसायला लागला. म्हणजे कुणापाशी तरी जायला हवं. टपरीवर एक म्हातारा बशीत चहा ओतून फुंकत होता. त्याच्यापासून थोड्या अंतरावर जाऊन मी उभा राहिलो. विचारायचं होतं. तोंड उघडलं, पण ते वाक्य माझं नव्हतंच कधी, ते आलं नाही. म्हाताऱ्यानं वर बघितलं, म्हणाला, "काय पायजे?" मी म्हटलं, काय न्हाई.

"सांगायचं की त्यांस्नी," मुलगी मागून म्हणाली, "ते फोटो आईचे हायत म्हणून."

"काय फरक पडतोय?"

"मला पडतोय," ती म्हणाली आणि जिन्याकडं चालायला लागली.

वर जाऊन मी झूमच घेतली. दुकानदाराला ते पटलं नाही, पण गिऱ्हाईक शेवटी आपल्याच डोक्यानं चालतं हे त्याला ठाऊक असणार. त्यानं झूम बांधून दिली आणि मग टेबलावरच्या मऊ फडक्यातून पन्नासची काढून कौतुकानं माझ्या हातात ठेवली. "आता बघा."

मी रिंग फिरवली. ती लोण्यासारखी फिरली. खाचा काळ्याभोर, एकेक स्वच्छ. कुठं काही नाही. मी परत फिरवली. कुठंच काही नाही.

"कुणी सांगितलं हुतं तुमाला?" मी म्हटलं. मला वाटतं मी ओरडलो, कारण दुकानातलं दुसरं गिऱ्हाईक वळलं.

"आवं, तुमीच म्हणाला की, करा म्हणून."

ते खरं होतं. त्याच्या टेबलाखाली कचऱ्याचा डबा होता. मी खाली बसलो आणि त्यात हात घातला. चहाचे कागदी कप, पॅकिंगच्या पट्ट्या, आणि त्यांच्यात कापसाचे बोळे, पिवळे झालेले. ते मी वेचायला लागलो. कशासाठी, ते मला आजही सांगता येणार नाही. पिकल्या केसांचा माणूस, पँट दुमडून, सांगलीतल्या एका दुकानात कचऱ्याच्या डब्यासमोर उकिडवा बसलेला. मुलगी माझ्याशेजारी येऊन बसली. मला वाटलं आता आंब्याच्या झाडावेळी ओरडली तशी ओरडेल. पण तिनंही डब्यात हात घातला, आणखी दोन बोळे शोधले आणि माझ्या तळहातावर ठेवले. 

"पप्पा," ती म्हणाली, "हळद हाय ती. आई न्हवं."

एवढं बोलली आणि तिचीच हनुवटी थरथरायला लागली. मी बोळे परत डब्यात टाकले. छातीत डाव्या बाजूला काहीतरी दुखत होतं, आणि दुखतंय याचंच मला नवल वाटत होतं, कारण इतक्या महिन्यांत काही दुखलंच नव्हतं. दुकानदारानं बिचाऱ्यानं पाण्याचा ग्लास आणून दिला. मुलीनं स्टँडवर भडंगाची पुडी घेऊन दिली आणि मला गाडीत बसवलं. तासगाव यायच्या आत ते दुखणंही थांबलं. मी पुन्हा होतो तसा झालो. भडंग खाल्लं, त्याला चव होती की नव्हती ते आठवत नाही.

नवरीचा भाऊ फौजेत, त्यामुळं लग्नाची तारीख भटजीनं कमी आणि त्याच्या सुट्टीनं जास्त ठरवली होती. हळदीला मी नवी झूम घेऊन गेलो. पन्नासची बॅगेत होती. मुलीनं सांगलीतच डब्यासकट खाली घालून दिली होती, ती काढून ठेवायचा कंटाळा केला म्हणून होती. अंगणात मांडव, मांडवाच्या आत पाट, पाटावर नवरी आणि भोवती बायकांचा गराडा. मी नेहमीच्या जागी, दाराच्या खांबाला टेकून उभा राहिलो.

नवरीनं हळदभरल्या हातानं मला खूण केली. "काका, पुढं या की! काकू तर मांडीवर येऊन बसायच्या." बायका हसल्या. मीही हसल्यासारखं केलं आणि तिथूनच काढत राहिलो. फोटो चांगले येत होते. स्क्रीनवर बघत होतो, नवरीच्या पापणीवरचा हळदीचा कण दिसत होता, आणि ते सगळं एखाद्या दुसऱ्या गावाच्या लग्नातलं वाटत होतं. असेच द्यायचे, असं मी ठरवून टाकलं. जे जमतं ते द्यायचं, ती हिरमुसेल, पण बोलायची नाही.

माझ्याशेजारी, दाराच्या दुसऱ्या बाजूला, नवरीची आत्या उभी होती. तरुणपणीच नवरा गेलेली, भावाच्याच घरी राहिलेली. दोन्ही पोरींना तिनंच अंगाखांद्यावर वाढवलेलं. तिचे दोन्ही हात पदराखाली होते. हळदीला अशा बायका अशाच उभ्या असतात, दिसेल इतक्या जवळ आणि हात लागणार नाही इतक्या लांब. इतकी वर्षं मी ज्या जागेला माझी जागा म्हणत आलो, ती यांची उभं राहायची जागा आहे, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

"तुमच्या मालकीण हुत्या तवा," आत्या माझ्याकडं न बघता म्हणाली, "थोरलीच्या हळदीत मला हाताला धरून आत घिऊन गेल्या हुत्या. फोटोपुरतं म्हनं. लय हसवलं त्यांनी मला."

 तेवढ्यात आत गलका झाला. नवरी पाटावरून उठली होती. "अगं, पाटावरनं उठू नगं," एक म्हातारी ओरडली, पण ती हळदीची वाटी घेऊन बायकांतून वाट काढत सरळ दाराशी आली आणि आत्यासमोर उभी राहिली.

"आत्या, तू लाव मला."

पाटाभोवतीच्या बायकांचे हात थांबले. कुणीतरी "अगं पोरी..." एवढंच म्हणालं. आत्यानं मान हलवली, हात बाहेर काढले नाहीत. नवरीनं पदराखाली हात घालून तिचा एक हात ओढून काढला आणि वाटीत बुडवला.

मी झूम डोळ्याला लावली. घर्र घर्र करत ती पुढं-मागं झाली आणि तिनं काही धरलं नाही. नुसता पिवळा धूसर गोळा. मोठी झूम फार जवळचं बघू शकत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. ती पाळी कधी आली नव्हती, एवढंच. आत्याचा हात वाटीतून निघून हवेत थांबला होता. मी खाली बसलो, बॅगेतला डबा उघडला, तांदळाची पुरचुंडी बाजूला सारली, झूम काढून जमिनीवर ठेवली आणि पन्नासची चढवली. धूळ, हळद, वारा, असल्यात लेन्स बदलायची नसते, हेही मीच पोरांना सांगतो. उठलो. आत्याचा हात अजून तिथंच होता.

"आत्या," मी म्हटलं, "येऊ का जरा जवळ?"

आवाज माझाच होता.

आत्यानं माझ्याकडं बघितलं. "या की," ती म्हणाली. "मी कुठं पळून चाललीया?"

आणि हे म्हणता म्हणता तिला हसू आलं, आणि त्या हसण्यातच तिनं हात नवरीच्या गालावर ठेवला. मी एक पाऊल पुढं गेलो, आणखी एक गेलो. फोटो काढला. पुढचं नीट सांगता येणार नाही, बायका हळद लावायला तुटून पडल्या, हळद उडाली, माझ्या शर्टावर, मानेवर, लेन्सवर. मी आतच राहिलो.

लग्न झालं. थोड्या दिवसांनी नवरी माहेरी आली तेव्हा अल्बमसाठी फोटो निवडायला स्टुडिओत आली. मी कॉम्प्युटर तिच्यापुढं फिरवून दिला. वरातीतले, स्टेजवरचे, फौजी भावाचे, भराभर पुढं सारत गेली. हळदीच्या फोटोंपाशी आली आणि त्या एकावर थांबली. आत्याचं तोंड, अर्धवट उघडं, हसताना, एक डोळा किंचित बारीक झालेला, गालावरचा हात. हात थोडा हललाय. नीट बघितलं तर फोटो सरळही नाही.

ती स्क्रीनपाशी वाकली. मग म्हणाली, "काका, ह्यो काकूंनी काढल्यावानी आलाय."

"व्हय," मी म्हटलं.

इतक्या महिन्यांत मी तो शब्द कितीदा बोललो असेन. हा एवढा एक मला माझ्या कानांनी ऐकू आला.

तिनं तो फोटो पहिल्या पानासाठी घेतला, बाकीचे निवडले, लाडू ठेवला आणि गेली. मी उठून शटर अर्धं खाली ओढलं. झेरॉक्सच्या मशीनला टेकून उभा राहिलो आणि रडलो. आवाज बाहेर जात असणार, पण थांबवता येत नव्हता आणि थांबवायचाही नव्हता. भिंतीवर ती मेथी निवडत होती.

बऱ्याच वेळानं तोंड धुऊन शटर वर केलं. पायरीवर पासपोर्ट फोटोसाठी एक जण ताटकळत उभा होता. कधीपासून उभा होता, त्यानं काय ऐकलं, कुणास ठाऊक. त्यानं माझ्या डोळ्यांकडं बघितलं आणि चप्पल काढता काढता थांबला.

"येऊ का आत?" त्यानं विचारलं.

"ये की," मी म्हटलं.